वजा दोन

म्हशीच्या कासेखालून ग्लास सरळ माझ्या हातात आला आणि मी तो तोंडाला न लावता कट्ट्यावर ठेवून दिला.

“काय झालं? माशी पडली का?” बाबांनी विचारलं.

“गरम आहे.”

“धारोष्ण म्हटल्यावर गरमच असणार. त्यासाठीच तर लोक येतात इथं.”

कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. बाबा कोल्हापूरला आले की हा ग्लास घेतल्याशिवाय परतत नाहीत. मीही तिथं पाच-सहा वेळा दूध प्यायले होते आणि प्रत्येक वेळी ते गरमच होतं. पण त्या बुधवारी माझ्या डोक्यात दुसरं एक दूध होतं. ते मी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा फक्त आकडा मला माहीत होता. चोवीस.

मी तळहात ग्लासाभोवती धरून बसले. बाबांचा ग्लास संपला, मिशीवरचा फेस पुसून झाला, तरी मी तशीच.

“थंड करून पिणार आहेस का?”

“बाबा, गाडीला किती वेळ आहे?”

“तास आहे.”

“मग थांबू या. किती वेळात थंड होतं ते बघायचंय.”

बाबा एसटीच्या गडहिंग्लज आगारात मेकॅनिक. विचित्र आवाज करणाऱ्या इंजिनाजवळ तासभर उभं राहायची त्यांना सवय आहे. ते कट्ट्यावर ऐसपैस बसले.

हे चार वर्षांपूर्वीचं. मी बारावी शास्त्र पास झाले होते आणि मला वकील व्हायचं होतं. हे मी नववीपासून सांगत आले होते, त्यामुळे घरात त्यावर वाद नव्हता. वाद नसल्यामुळेच कुठं आणि काय शिकायचं याचा नीट विचार कुणी केला नव्हता. प्रवेश परीक्षा दिली, आणि त्या सोमवारी भोपाळच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाल्याचं कळलं. पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. अभ्यासक्रम. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि कायदा. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेबसाइटवर जाऊन जागा कायम करायची, नाहीतर ती पुढच्याला जाणार.

बाबांनी आगारात पेढे वाटले. त्या दिवसापासून तिथले सगळे मला वकीलसाहेब म्हणू लागले. वाहतूक नियंत्रक असलेल्या एका काकांनी तर त्यांच्या भावकीचा वाद मला नेमून दिला आणि वर, पाच वर्षं थांबायला आपली हरकत नाही असंही सांगितलं.

बुधवारी आम्ही कोल्हापूरला आलो होतो ते माझ्या दुसऱ्या अर्जासाठी. निकालाआधीच मी तिथल्या एका कॉलेजात बी.एस्सी.चा अर्ज भरून ठेवला होता आणि यादीत नाव लागलं होतं. बी.एस्सी. करूनही वकील होता येतं. मग पुढं तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं. पण त्यात एक वर्ष जास्त जातं, आणि पुण्याच्या काकांचा निरोप स्पष्ट होता की राष्ट्रीय विद्यापीठ सोडून तीन वर्षं लंबक हलवत बसणाऱ्या वकिलाकडे कुणी जात नाही. खरं तर आम्ही बी.एस्सी.चा अर्ज मागे घ्यायला गेलो होतो. खिडकीवर रांग होती, रांगेशेजारी प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि आत कुणीतरी तराजू साफ करत होतं. मी ते बघत राहिले आणि खिडकी बंद झाली. बाबा म्हणाले, राहू दे, फोनवर सांगू.

आता चोवीसबद्दल.

परीक्षा संपल्यापासून मी आमच्या गल्लीतल्या कुरणे वकीलबाईंच्या ऑफिसात बसत होते. बाबांनीच विचारलं होतं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, “बसू दे. बघून पळून गेली तर तेही लवकर कळलेलं बरं.” पंचावन्नच्या आसपासच्या, बारीक, आणि बोलण्यात हातचं राखून. त्यांचे कारकून घेवडेमामा दिवसभर दाभणानं फायली शिवत आणि शिवून झालेली फाइल मला वाचायला देत. “कुठला विषय घेतला की चांगला वकील होतो?” असं मी वकीलबाईंना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “मी मराठी घेऊन बी.ए. झाले. समोर नेसरीकर वकील असतात, ते बी.कॉम. आम्ही दोघंही हरतो.”

तिथं मी शिकलेली एक गोष्ट मला अजिबात पटली नव्हती. वकीलबाईंचा नियम होता की उलटतपासात ‘कसं’ आणि ‘का’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. समोरच्या साक्षीदाराला फक्त हो किंवा नाही म्हणू द्यायचं. कसं विचारलं की तो बोलायला लागतो, आणि बोलायला लागला की आपली केस बुडवतो. मी म्हटलं, आमच्या विज्ञानात हेच दोन शब्द असतात. त्या म्हणाल्या, “म्हणून तुमच्याकडे निकाल लागायला शंभर वर्षं लागतात.” घेवडेमामा दाभण थांबवून म्हणाले, “आपल्याकडं तरी कुठं लवकर लागतोय?”

शेवंता चौगुले यांची फाइल मी तीनदा वाचली होती. गडहिंग्लजपासून सहा किलोमीटरवर नांगरवाडीत त्यांच्या दोन म्हशी. गावच्या दूध संस्थेनं त्यांचं दूध पाच दिवस तपासलं, पाचही दिवस लॅक्टोमीटरचा आकडा चोवीस आला. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची एक तरंगती नळी. दुधात सोडायची आणि ती कुठवर बुडते तो आकडा वाचायचा. दुधात पाणी असेल तर नळी जास्त बुडते आणि आकडा कमी येतो. संस्थेच्या नियमात सव्वीसच्या खाली म्हणजे पाणी. संस्थेनं काकूंचं दूध बंद केलं आणि दारातल्या फळ्यावर रंगानं लिहिलं: दुधात पाणी घालणारे सभासद, आणि खाली एकच नाव. काकूंनी बदनामीचा दावा लावला होता. त्यांची मागणी एवढीच, की ते नाव पुसावं आणि ते खोटं होतं असं लिहून द्यावं. संस्थेच्या सचिवांचा उलटतपास शुक्रवारी होता.

कट्ट्यावर पंचवीस मिनिटांनी माझा ग्लास कोमट झाला. दूध गरम असताना प्रसरण पावलेलं असतं, म्हणजे हलकं असतं, म्हणजे नळी त्यात जास्त बुडणार. हे अकरावीच्या पुस्तकातलं होतं. फाइलीत जोडलेल्या नकाशावर काकूंचा गोठा आणि संस्थेची नवी खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. बाकीच्यांचं दूध वाड्या-वस्त्यांवरून चालत येत होतं. सगळ्या गावात गरम दूध एकटीचंच.

मी ग्लास एका दमात रिकामा केला आणि बाबांना सगळं सांगितलं.

“म्हणजे तापलेल्या ऑइलसारखं,” बाबा म्हणाले. “तापलं की पातळ होतं.”

“नाही बाबा. ते वेगळं.”

“वेगळं काय त्यात? पातळ ते पातळ.”

गाडीत मी त्यांना समजावत आले. त्यांना पटलं नाही.

गुरुवारी सकाळी वकीलबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य म्हणाल्या, “मोजून ये.” मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर मागून आणले, आणि संध्याकाळच्या धारेला बाबांच्या मागं स्कूटरवर बसून नांगरवाडीला पोचले.

शेवंताकाकू पन्नाशीच्या, उंच, कोरडं बघणाऱ्या. गोठ्याच्या पुढच्या दाराला त्यांनी आतून लाकूड लावलं होतं. पुढून बाहेर पडलं की समोर फळा येतो, म्हणून वर्षभर त्या मागून, उकिरड्याच्या बाजूनं ये-जा करत होत्या. माझ्या हातातली नळी बघून त्यांचा चेहरा बदलला.

“तू बी मोजायलाच आलीस व्हय?”

वकीलबाईंनी पाठवलंय, असं मी सांगितलं. त्या बादली घेऊन म्हशीखाली बसल्या.

“काकू, पाणी निघालं तर?” मी विचारलं. आता वाटतं, असं विचारायला नको होतं.

“निघालं तर म्हशीला इचारीन,” त्या धार न थांबवता म्हणाल्या.

काढल्या काढल्या दुधाचं तापमान सदतीस अंश होतं. नळीचा आकडा सव्वीस. मग ते भांडं मी गार पाण्याच्या घमेल्यात ठेवलं आणि सत्तावीस अंशांपर्यंत उतरू दिलं, कारण नळीवर तेच तापमान छापलेलं होतं. त्याच तापमानाला तिचा आकडा खरा. पुन्हा नळी सोडली. अठ्ठावीस. तेच दूध, दहा अंशांत दोन आकड्यांचा फरक. मला नाचावंसं वाटत होतं. मी वही काकूंपुढं धरली आणि बोट ठेवून दाखवलं, गरम असताना सव्वीस, खरं अठ्ठावीस.

काकूंनी वहीकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “त्येंनी चोवीस लिवलंय.”

मी बोट उचललं.

“गरम व्हतं म्हनून सव्वीस आलं, हे कळलं. मग चोवीस कुठनं आलं?”

गरमपणानं दोनच आकडे जात होते. गेले होते चार. उरलेल्या दोनांत नेमकं पाणीच बसत होतं. परतताना स्कूटरवर बाबांनी मागं न बघता विचारलं, “घातलं असेल का गं तिनं?” मी ऐकू न आल्यासारखं केलं.

वकीलबाईंनी वही पाहिली आणि माझ्याकडून प्रश्न लिहून घेतले. त्या दोनांचं काय, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, “जेवढं मिळालंय तेवढ्यावर चालायचं. सचिवाला तापमानाचं काही माहीत नसलं की झालं. माहीत नाही असं तो म्हणाला की मी खाली बसणार.”

शुक्रवारी सकाळी बाबा म्हणाले, आधी ती भोपाळची जागा कायम करून टाक. मी म्हटलं, कोर्ट झाल्यावर करते, पाचपर्यंत वेळ आहे.

पुकारा झाला तेव्हा साडेबारा वाजले होते. मी शेवटच्या बाकावर घेवडेमामांशेजारी बसले होते. काकू पुढच्या बाकावर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. संस्थेचे सचिव तानाजी मांगले पिंजऱ्यात उभे राहिले. इस्त्रीची टोपी, खिशाला दोन पेनं. मला ते लबाड वाटायला हवे होते, पण ते मला आमच्या हायस्कूलच्या एखाद्या सरांसारखे दिसले. वकीलबाई विचारत होत्या, मांगले उत्तर देत होते आणि न्यायाधीश प्रत्येक उत्तर सावकाश टंकलेखकाला सांगत होते.

शेवंताबाईंचा गोठा संस्थेच्या भिंतीला लागून आहे, हे खरं. त्यांचं दूध काढल्यावर मिनिटभरात काट्यावर येतं, हेही खरं. तेव्हा ते सदतीस अंशांच्या आसपास असतं, बाकीच्यांचं येईपर्यंत तीसवर उतरतं, हेही मांगल्यांनी सरळ मान्य केलं. वकीलबाईंनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

“दूध गरम असलं की लॅक्टोमीटरचा आकडा बदलतो, हे तुम्हाला माहीत आहे का?”

“माहीत आहे,” मांगले म्हणाले. “म्हणून मी दुरुस्ती करतो.”

संस्थेचे वकील नेसरीकर खुर्चीत मागं रेलले. वकीलबाईंनी कागद उलटला, मागं काही नव्हतं.

“कशी करता?” वकीलबाईंनी विचारलं.

घेवडेमामांनी दचकून माझ्याकडं बघितलं.

मांगल्यांना प्रश्न आवडला होता. ते न्यायाधीशांकडं वळून, समजेल अशा बेतानं बोलू लागले. “साहेब, नळी सत्तावीस अंशाची असते. त्याच्या वर दर पाच अंशाला एक आकडा धरायचा. दूध तापलं की फुगतंय. फुगल्यामुळं आकड्यात जे जास्तीचं येतंय ते काढून टाकायचं. शेवंताबाईंचं सदतीस, म्हणजे दहा अंश वर, म्हणजे मी दोन वजा करतो आणि मग वहीत लिहितो. बारा वर्षं असंच करतोय.”

न्यायाधीश टंकलेखकाला सांगू लागले, “माझ्याकडे येणारे वादीचे दूध सदतीस अंशांचे असल्यास मी वाचलेल्या आकड्यातून दोन वजा करून नोंद करतो.”

दोन वजा.

गरम दुधात आकडा कमी येतो. दुरुस्ती करायची तर दोन मिळवायला हवेत. त्यांना सव्वीस दिसत होता, खरा होता अठ्ठावीस, आणि ते लिहीत होते चोवीस. उरलेले दोन पाण्यात नव्हते, ते या माणसाच्या वजाबाकीत होते. मी इकडंतिकडं पाहिलं. न्यायाधीश सांगत होते, टंकलेखक टंकत होता, नेसरीकर समाधानानं मान हलवत होते. खोलीतल्या कुणालाही काही झालं नव्हतं. वकीलबाई रिकाम्या कागदाकडं बघत होत्या. मी अर्धी उठले. तोंड उघडलं होतं की नाही आठवत नाही, पण घेवडेमामांनी माझी ओढणी खाली ओढली आणि मी पुन्हा बाकावर आले.

“आणखी प्रश्न नाहीत,” वकीलबाई म्हणाल्या आणि बसल्या.

“फेरतपासणी?” न्यायाधीशांनी नेसरीकरांना विचारलं.

फेरतपासणी म्हणजे संस्थेच्या वकिलाला आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारायची संधी. नेसरीकरांनी मांगल्यांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. इतका लांब क्षण मी त्यानंतर अनुभवलेला नाही.

“गरज नाही, साहेब.”

मांगल्यांनी टंकलेला कागद ओळीनं वाचला आणि दोन पेनांपैकी एक काढून खाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात मी वकीलबाईंचा काळा कोट धरूनच ओढला. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, सगळं एकदम बोलले. त्यांना कळलं नाही. मग घेवडेमामांच्या पाठीवर वही ठेवून मी रेषा काढली, तीन आकडे मांडले आणि दोन बाण काढले. वकीलबाई बाणांकडं बघत राहिल्या. मग चष्मा काढून हसायला लागल्या, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“आणि हे त्यानं स्वतः, शपथेवर, सही करून दिलं.”

“पण तुम्ही बरोबर तिथंच थांबलात. तुमच्या कसं लक्षात आलं?”

“माझ्या काहीच लक्षात आलं नाही. केस गेली म्हणून मी बसले. ते ‘कशी’ तुझ्या संगतीनं तोंडातून निसटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.”

“आणि लक्षात आलं असतं तर?”

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा घातला. “तर तिथल्या तिथं म्हणाले असते, मांगले, वजा नाही, अधिक. त्यानं जीभ चावली असती, हो साहेब, अधिकच करतो, चुकून बोललो. संपलं असतं. तू उठली होतीस ना, घेवडे सांगतोय? तूही हेच केलं असतंस.”

मी मान हलवली.

“मी समजत नव्हतं म्हणून गप्प बसले. दर वेळी असं नशीब नसतं. तुला समजून गप्प बसावं लागेल. ते अवघड आहे.” मग घेवडेमामांना जेवायला चला म्हणाल्या आणि दोन पावलं जाऊन वळल्या. “मी मराठी घेतलं त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मघाशी तो कागद कोरा होता.”

शेवंताकाकू कठड्याला टेकून आमच्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, उरलेले दोन सापडले. कुठं होते, असं त्यांनी विचारलं नाही. “मला ठावं व्हतं ते बादलीत न्हाईत,” एवढंच म्हणाल्या. पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं ते बराच वेळ सोडलं नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला. तोपर्यंत फळा पुसला गेला होता. वकीलबाईंनी युक्तिवादात ती एक ओळ वाचली, माझा प्रयोग शासकीय दुग्धशाळेतल्या तज्ज्ञाकडून पुन्हा करून घेतला आणि संस्थेनं पुढं वाद घातला नाही. मांगल्यांनी स्वतः रंगाचा डबा आणून नाव खरवडलं आणि त्या जागी दुरुस्तीचा तक्ता लावला. त्यात अधिकचं चिन्ह इतकं मोठं काढलंय की ते रस्त्यावरून दिसतं. काकू आता पुढच्या दारानं ये-जा करतात.

पण त्या शुक्रवारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. कोर्टानंतर वकीलबाईंच्या ऑफिसातलं काम आटपून मी सरळ आगारात गेले. बाबा निपाणीच्या गाडीखाली होते. पावणेपाच झाले होते. त्यांनी खालूनच विचारलं, जागा कायम केलीस का? मी चाकाशेजारी उकिडवी बसले आणि कोर्टात काय झालं ते सांगितलं. ते हळूहळू बाहेर सरकले, आधी डोकं, मग खांदे.

“मी बी.एस्सी. करते, बाबा. फिजिक्स. कायदा त्यानंतर.”

ते उठून बसले, बोळ्यानं एकेक बोट पुसत राहिले. पलीकडून कुणीतरी ओरडलं, वकीलसाहेब आल्या का?

“सगळ्या आगाराला भोपाळ सांगितलंय मी,” बाबा म्हणाले.

“माहीत आहे.”

“एक वर्ष जास्त.”

“अधिक एक.”

“आणि नंतर वाटलं, चुकलं, तर?”

“वाटेलही. पण त्या खोलीत ते फक्त मला ऐकू आलं, बाबा. आणि मला बारावीपुरतंच येतं.”

बाबांनी बोळा खिशात घातला. गाडीचं बॉनेट उघडंच होतं. त्यांनी आत वाकून काहीतरी घट्ट केलं, गरज नसताना. मग ऑइलची पट्टी बाहेर काढली. काळं, गरम ऑइल तिच्यावरून झरझर ओघळत होतं. त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

“मग आता सांग. हे पातळ आणि ते दूध हलकं, यात वेगळं काय?”

मी सांगायला लागले. पट्टीवरचा एक थेंब बोटावर घेतला, दुसरा पाण्याच्या डबड्यात सोडला. कंट्रोलरनं पाचच्या निपाणीचा पुकारा केला, ड्रायव्हर येऊन बॉनेट कधी बंद करणार म्हणून उभा राहिला, आणि बाबांनी त्याला हातानंच थांबवलं. ओढणीखाली पिशवीत फोन थरथरला, भोपाळची मुदत संपल्याचा निरोप असणार. तेव्हा मी घनता आणि चिकटपणा यांतल्या फरकापर्यंत आले होते.